खोडकिड्याला पुरून उरेल असे बियाणे

भाद्रपद सरत आला की जव्हार तालुक्यातल्या वांगणीसारख्या गावांत हळवी भाते पिवळी पडू लागतात. दाणा भरलेली लोंबी वजनाने वाकते. त्या वाकलेल्या लोंब्यांमध्ये मध्येच एखादी पांढरीफटक लोंबी ताठ उभी दिसते. धरून ओढली तर ती अलगद हातात येते, आणि चुरगाळली तर आत दाणा नसतोच, नुसते फोल. कोकणात याला पळींज म्हणतात. ताट उभे चिरून पाहिले तर आत कुरतडल्याच्या खुणा आणि भुश्यासारखी विष्ठा सापडते. अळी कधी सापडते, कधी आपले काम उरकून खाली सरकलेली असते.

एका खाचरात अशा पाच-दहा लोंब्या असल्या तर कुणी फारसे मनावर घेत नाही. पण जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात शेतीचा हिशेबच वेगळा आहे. वर्षाला अडीच हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि ऑक्टोबरनंतर रान कोरडे होते. खाचरात भात, उताराच्या वरकस जमिनीवर नाचणी आणि वरी, एवढेच पीक, तेही वर्षातून एकदा. दिवाळी झाली की अनेक कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. कोणत्या आठवड्यात निघायचे, हे बऱ्याच अंशी कणगीतल्या भातावर ठरते. १९९२ मध्ये वावर-वांगणीचे नाव कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंमुळे देशभर गेले. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता, पालघर जिल्हा २०१४ मध्ये झाला. कुपोषणाची कारणे अनेक आहेत आणि ती एका किडीच्या माथी मारणे चुकीचे ठरेल. मात्र जिथे घरचे धान्य एकाच हंगामात येते, तिथे त्यातला किती भाग किडीने खाल्ला हा प्रश्न आरोग्याचाही होतो.

पांढऱ्या लोंबीमागचा मुख्य गुन्हेगार म्हणजे पिवळा खोडकिडा. याची मादी म्हणजे पिवळसर रंगाचा लहान पतंग, पुढच्या प्रत्येक पंखावर एक काळा ठिपका. ती पानाच्या शेंड्याजवळ पुंजक्याने अंडी घालते आणि त्यावर आपल्या अंगावरच्या तपकिरी-पिवळ्या केसांचे पांघरूण घालते. आठवडाभरात अळ्या बाहेर पडतात. रेशमासारख्या बारीक धाग्याला लोंबकळत त्या वाऱ्याबरोबर शेजारच्या चुडांवर जातात आणि पान व खोड यांच्या बेचक्यातून आत शिरतात. पीक फुटव्यावर असताना अळी शिरली तर मधला पोंगा सुकतो, त्याला गाभेमर म्हणतात. त्या वेळी भाताचे रोप नवा फुटवा काढून बरेचसे नुकसान भरून काढते. पोटरीत आलेल्या भातात शिरली तर मात्र भरपाईला वेळच उरत नाही, आणि पळींज पडते.

औषध फवारावे, असे कुणीही सुचवेल. पण अळी उघड्यावर असते ती अंड्यातून निघून खोडात शिरेपर्यंतच. हा काळ काही तासांपासून फार तर एखाद-दोन दिवसांचा. एकदा ती आत गेली की वरून मारलेल्या फवाऱ्याचा तिला फारसा त्रास होत नाही. त्यातच श्रावणातली संततधार पानावरचे औषध धुऊन नेते. शिवाय चतुर, कोळी, अंड्यांवर जगणारे बारीक गांधीलमाशीच्या जातीचे कीटक, असे खोडकिड्याचे शत्रू फवाऱ्यात आधी मरतात. फवारणाऱ्याच्या जिवाचे काय, याचे उत्तर महाराष्ट्राला २०१७ मध्ये मिळाले. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. ते पीक वेगळे आणि किडी वेगळ्या, पण पाठीवरचा पंप आणि तोंडावर बांधलेला रुमाल तोच. दहा-वीस गुंठ्यांच्या खाचरासाठी औषध, पंप आणि मजुरी यांचा खर्च काढणे वांगणीत कुणालाही परवडणारे नाही.

म्हणूनच, ज्याच्याकडे फवारायला पैसे नाहीत त्याच्यासाठी किडीला तोंड देण्याची ताकद बियाण्यातच असणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. ही कल्पना नवी नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत हेसियन माशीने गव्हाचा फडशा पाडला, तेव्हा न्यूयॉर्क भागातल्या शेतकऱ्यांच्या लक्षात आले की अंडरहिल नावाचा गहू या माशीपुढे तग धरतो. त्यामागचे शास्त्र मांडायला पुढे दीडशे वर्षे गेली. कॅन्ससचे कीटकशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पेंटर यांनी १९५१ मध्ये पिकांच्या कीड-प्रतिकारावर ग्रंथ लिहिला आणि त्यात रोप किडीला कसे तोंड देते याचे तीन प्रकार सांगितले. एक, किडीला रोप आवडतच नाही, ती अंडी घालायला दुसरीकडे जाते. दोन, कीड रोपावर येते, खाते, पण त्यावर नीट वाढत नाही किंवा मरते. तीन, कीड येते, पोसते, तरीही रोप नुकसान सोसून पीक देते.

हे तिन्ही प्रकार एकाच शेतात पाहायचे असतील तर सोलापूर-मंगळवेढ्याकडच्या ज्वारीत जावे. ज्वारीची रोपे तीन-चार आठवड्यांची होईपर्यंत त्यांच्यावर खोडमाशीचा डोळा असतो. घरातल्या माशीहून लहान, करड्या रंगाची ही माशी पानाच्या खालच्या बाजूला एकेक पांढरे अंडे घालते. अळी पहाटेच्या दमटपणात पानावरून सरकत पोंग्यात उतरते आणि वाढीचा कोंब कापते. पोंगा सुकतो. आता पान चकचकीत असेल, त्यावर ओलावा टिकत नसेल आणि खालच्या बाजूला बारीक ताठ लव असेल, तर माशी अंडी कमी घालते आणि अळीचा प्रवासही अवघड होतो. दक्षिण महाराष्ट्रातल्या रब्बी ज्वारीच्या जुन्या वाणांत हे चकचकीत पान आढळते. मोहोळ येथे १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडलेली मालदांडी ३५-१ आजही रब्बीत पेरली जाते. भाकरीची चव आणि कडबा ही त्याची कारणे आहेतच, पण खोडमाशी बऱ्यापैकी सोसण्याचा गुणही तिच्यात आहे.

याच्या उलट उदाहरणही महाराष्ट्राने पाहिले. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. उतारा भरघोस होता. पण त्याचे मातृ-पितृ वाण परदेशी वंशाचे होते आणि खोडमाशीशी त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख नव्हती. पेरणी लांबली की नव्या संकरित ज्वारीची रोपे माशीच्या ताब्यात जात. पहिल्या पावसावरच पेरा, उशीर करू नका, असा सल्ला कृषी विभागाला तेव्हापासून ठासून द्यावा लागला. उत्पन्न वाढवताना पैदासकाराच्या हातून एखादा नकोसा न वाटणारा गुण गळून पडतो, आणि तो गळाला हे कळते कीड आल्यावरच.

भातात हे नाट्य आशियाभर घडले. १९६६ मध्ये फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आयआर-८ दिला. बुटका, खताला प्रतिसाद देणारा हा भात भारतातही आला. दाट लागवड, भरपूर युरिया आणि वर्षातून दोन-दोन पिके यांबरोबर एरवी किरकोळ असलेले तपकिरी तुडतुडे माजले. हे तुडतुडे चुडाच्या बुंध्याशी बसून रस शोषतात. शेतात गोल-गोल चट्टे पडून भात जळाल्यासारखे दिसते. १९७३-७४ मध्ये केरळच्या कुट्टनाडात त्यांनी हाहाकार केला. त्याआधीच संशोधकांना मुडगो या भारतातल्या जुन्या वाणावर तुडतुडे जगत नाहीत असे दिसले होते. तोच प्रतिकारक जनुक असलेला आयआर-२६ हा वाण १९७३ मध्ये शेतकऱ्यांना मिळाला. दोन-तीन वर्षांत इंडोनेशिया आणि फिलिपिन्समध्ये त्यालाही खाणारे तुडतुडे पुढे आले. मग १९७६ मध्ये गुरदेवसिंग खुश यांनी दुसरा जनुक असलेला आयआर-३६ दिला. गंमत अशी की फिलिपिन्समध्ये चाललेले हे जनुक भारतातल्या तुडतुड्यांपुढे टिकलेच नाहीत, कारण इथले तुडतुडे मुळात वेगळ्या प्रकारचे. केरळच्या पट्टांबी केंद्रातला पीटीबी-३३ हा जुना वाण मात्र इथे टिकला आणि आजही प्रतिकाराची चाचणी घेताना तुलनेसाठी तोच शेजारी लावतात. दरम्यान, फवाऱ्याने नैसर्गिक शत्रू मरतात आणि तुडतुडे उलट वाढतात, हे पटल्यावर इंडोनेशियाने १९८६ मध्ये ५७ कीटकनाशकांना भातावर बंदी घातली.

प्रतिकारक वाण टिकत का नाही? लाखो एकरांवर एकच वाण असेल तर त्यावर जगू न शकणारे कीटक मरतात, आणि कोट्यवधींमधला एखादा, जो काही कारणाने जगू शकतो, त्याचीच संतती पुढे वाढते. काही हंगामांत शेतात फक्त तेच उरतात. बियाण्यात काही बिघडलेले नसते. बदललेली असते ती कीड.

महाराष्ट्रात याचा अनुभव पूर्व विदर्भाने घेतला आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानपट्ट्यात खोडकिड्याइतकीच गादमाशी बदनाम आहे. डासासारख्या दिसणाऱ्या या माशीची अळी पानाच्या आवरणातून खाली सरकत वाढीच्या कोंबापर्यंत जाते. तिच्या लाळेमुळे कोंबाची वाढ बिघडून त्याची कांद्याच्या पातीसारखी पोकळ, चंदेरी नळी होते. त्या फुटव्याला लोंबी कधीच येत नाही. प्रतिकारक वाणात अळी कोंबापर्यंत पोचते, पण तिथे उपाशी मरते. काही वाणांत तर कोंबाच्या आसपासच्या पेशी स्वतःहून मरून तिच्याभोवतीचे खाद्यच बंद करतात. थायलंडच्या सियाम-२९ वाणातून आलेला असा एक जनुक फाल्गुना या वाणात होता. आंध्र प्रदेशात फाल्गुना मोठ्या प्रमाणावर गेला आणि १९८० च्या दशकात तिथे त्याला जुमानत नसलेली गादमाशी आढळली. पुढे तीच भंडाऱ्याकडेही नोंदली गेली. आज भारतात गादमाशीचे सात प्रकार मानले जातात आणि तिच्याविरुद्धचे दहाहून अधिक जनुक माहीत आहेत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या साकोली केंद्रात, जिथे माशी हमखास येते, तिथेच देशभरातले नवे वाण मुद्दाम लावून पाहतात. आता एका जनुकावर भिस्त न ठेवता दोन-तीन जनुक एकाच वाणात आणण्याकडे कल आहे. जनुकाच्या शेजारचा ओळखखुणेचा तुकडा प्रयोगशाळेत तपासून रोपटे लहान असतानाच निवड करता येते, त्यामुळे पूर्वीसारखी प्रत्येक पिढी माशीच्या तोंडी देऊन पाहावी लागत नाही. तरीही संकरापासून शेतकऱ्याच्या हातात बियाणे पडेपर्यंत आठ-दहा वर्षे सहज जातात.

आता वांगणीच्या पांढऱ्या लोंबीकडे परत येऊ, कारण इथे बातमी फारशी चांगली नाही. तुडतुडे आणि गादमाशीसाठी ठणठणीत जनुक मिळाले, पिवळ्या खोडकिड्यासाठी तसा एकही मिळालेला नाही. हजारो वाण तपासले गेले. हाती लागला तो मध्यम प्रतिकार, आणि तोही एका जनुकाचा नाही तर अनेक लहान गुणांचा मिळून. तमिळनाडूतल्या टीकेएम-६ या वाणाचा त्यासाठी सर्वाधिक वापर झाला. आयआर-२० त्यातूनच आला, आणि कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेने टीकेएम-६ व आयआर-८ यांच्या संकरातून रत्ना दिला. अळी खोडाच्या आत राहून खाते, त्यामुळे तिला अडवण्याच्या जागाच कमी, असे एक कारण सांगतात. पानाच्या आवरणाची घट्ट मिठी, खोडाची जाडी, पोकळीचा व्यास, पेशींतली सिलिका अशा गोष्टींवर थोडे-थोडे अवलंबून असते. जिवाणूतला जनुक घालून केलेल्या बीटी भाताने हा पेच सुटेल अशी आशा होती. चीनने २००९ मध्ये अशा भाताला जैवसुरक्षा प्रमाणपत्र दिले, पण तो तिथेही शेतात गेला नाही. भारतात बीटी भाताच्या लागवडीला परवानगी नाही.

त्यामुळे वाणाच्या माहितीपत्रकावर 'खोडकिड्यास मध्यम प्रतिकारक' असे छापलेले असते तेव्हा त्याचा अर्थ नीट घ्यायला हवा. कीड येणार नाही, असा तो नाही. त्याच शेतात, त्याच वर्षी संवेदनशील वाणापेक्षा सुकलेले पोंगे आणि पांढऱ्या लोंब्या कमी दिसतील, एवढाच. बियाण्याच्या दुकानात या दोन शब्दांतला 'मध्यम' हा शब्द सहसा ऐकू येत नाही.

याशिवाय एक शंका पुष्कळांना येते. किडीला मारणारे रोप माणसाला कसे चालेल? मक्याच्या कोवळ्या पानांत एक संरक्षक द्रव्य असते, त्यामुळे खोडकिड्याची अळी वाढत नाही. पण ते पानात असते आणि रोप मोठे होताना कमी होत जाते, कणसातल्या दाण्याशी त्याचा संबंध नाही. कोवळ्या ज्वारीने जनावरांना विषबाधा होते हे शेतकऱ्याला ठाऊक आहे, तरी त्याच ज्वारीची भाकरी आपण खातो. भाताच्या बाबतीत तर प्रतिकार बुंध्यात आणि कोंबात असतो.

सिलिकाचा उल्लेख वर आला, त्याची एक कोकणी बाजू आहे. भाताचे मूळ मातीतून सिलिका भरपूर शोषते आणि पानाखोडाच्या पेशींत साठवते. भाताच्या पातीने हात चिरतो तो तिच्यामुळेच. सिलिका जास्त असलेल्या खोडात शिरणाऱ्या अळीचे जबडे झिजतात. भातशेतीवर काम केलेले शास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांनी चारसूत्री लागवडीत याचा उपयोग केला. भाताच्या तुसाची काळी राख रोपवाटिकेत मातीत मिसळायची, दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो. रोपे कणखर होतात आणि खोडकिड्याचा उपद्रव घटतो. बाकीची सूत्रे गिरिपुष्पाचा पाला, ठरावीक अंतरावर लावणी आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या खोचणे ही. जव्हारमध्ये शेण, पालापाचोळा, कवळे पसरून राब भाजण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, त्यामुळे जळकी राख मातीत घालणे इथे कुणाला नवे वाटणार नाही. तूस मात्र गिरणीतून परत आणावे लागते. तिथेच बहुतेकदा ते राहून जाते.

दुसरा मार्ग म्हणजे टाळणे. कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्राने दिलेल्या कर्जत-१८४ किंवा कर्जत-३ सारख्या हळव्या जाती लवकर कापणीला येतात आणि खोडकिड्याच्या शेवटच्या पिढ्यांना पोटरीतले भात मिळेनासे होते. हा काही पेंटर यांच्या व्याख्येतला खरा प्रतिकार नाही. पण डोंगरउतारावरच्या खाचरात पाणी लवकर ओसरते, म्हणून इथल्या लोकांनी हळवी भाते आधीपासूनच धरून ठेवली होती. त्यात किडीपासून सुटकेचा लाभ आपसूक आला.

आणि या डोंगरात जुने वाण अजून आहेत. डांगी, महाडी अशी नावे जव्हारच्या पाड्यांवर ऐकू येतात. बाएफ या संस्थेने या भागात गावकऱ्यांबरोबर स्थानिक भातांचे, नाचणी-वरीचे बियाणे गोळा करून बियाणे बँका उभ्या केल्या. शेजारच्या वाड्याच्या कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते चवीसाठी आणि नावासाठी. जुने आहे म्हणून कीड सोसणारे असेलच, असे समजणे भाबडेपणाचे. कित्येक जुने वाण खोडकिड्यापुढे नव्यांइतकेच हतबल ठरतात. पण मुडगो, पीटीबी-३३ आणि मालदांडी, यांतला प्रत्येक वाण शेतकऱ्यांनी राखलेल्या बियाण्यातूनच संशोधकांच्या हाती आला होता. कुणी लावून, किडीच्या तोंडी देऊन, चूड मोजून पाहिले म्हणूनच त्यांचा गुण कळला. हे काम कंटाळवाणे आहे. साकोलीत किंवा कर्जतला प्रत्येक वाणाच्या ओळीत बसून सुकलेले पोंगे आणि पांढऱ्या लोंब्या मोजाव्या लागतात, आणि त्याच वर्षी कीड कमी आली तर सगळी मेहनत वाया जाते.

वांगणीत भात कापून झाले की खोडकिड्याची अळी खाली सरकून धसकटात निवाऱ्याला बसते. उन्हाळी भात घेणाऱ्या खालच्या गावांत तिला लगेच दुसरे पीक मिळते, इथे तिला पावसापर्यंत वाट पाहावी लागते. म्हणून कापणी जमिनीलगत करावी, नांगरट करून धसकटे वेचून जाळावीत आणि लावणीच्या वेळी रोपांचे शेंडे खुडून त्यांवरची अंडी नष्ट करावीत, असे कृषी विद्यापीठ सांगते. जमिनीत ओल असते तोवर नांगर चालतो. नंतर जमीन दगडासारखी होते, आणि तोपर्यंत घरातले निम्मे हात भट्टीवर गेलेले असतात. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की उरलेल्या धसकटांतून पिवळे पतंग बाहेर येऊन दिव्याभोवती फिरू लागतात.